पार्किन्सन्स आणि मूलपेशी : प्रस्तावना

१६ एप्रिल २०२५ रोजी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने पार्किन्सन्सवरचे दोन शोधनिबंध एकाच दिवशी प्रसिद्ध केले. एक जपानमधल्या क्योतोचा, दुसरा अमेरिका-कॅनडातल्या डॉक्टरांचा. दोन्ही चाचण्या मिळून रुग्ण होते १९. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी त्यांच्या मेंदूत खोलवर सोडल्या होत्या. दीड-दोन वर्षांनी पाहिले तर त्या पेशी जगल्या होत्या, या आजारात आटणारे डोपामिन हे रसायन तयार करत होत्या, त्यांच्या गाठी झाल्या नव्हत्या आणि पेशींमुळे कुणालाही गंभीर अपाय झालेला नव्हता. काही दिवसांतच ही बातमी माझ्या फोनवर आली. मजकूर होता, “पार्किन्सन्स आता कायमचा बरा होणार.” खाली एका दवाखान्याचा नंबर होता.

ते निबंध आणि तो नंबर यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. एवढे सांगायला अख्खे पुस्तक कशाला, असे कुणी विचारील. पण पार्किन्सन्स झालेल्या माणसाच्या घरात ‘स्टेम सेल’ (मूलपेशी) हे नाव एकदा शिरले की सहजासहजी बाहेर पडत नाही, आणि “तसले काही करू नका” असे नुसते बजावून भागत नाही. का करू नये, आणि मग जपानात केले ते का चालते, ही दोन्ही उत्तरे द्यावी लागतात. या पुस्तकाच्या लेखिकेने ती सविस्तर दिली आहेत. मी इथे फक्त मागची हकिगत सांगतो, कारण ती माहीत नसेल तर २०२५ चे निकाल नीट वाचता येत नाहीत.

आजार जुना आहे. आपल्याकडे वैद्य त्याला कंपवात म्हणत आले. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा जणांचे वर्णन करणारी छोटी पुस्तिका लिहिली. त्यांतल्या काहींना त्यांनी तपासलेही नव्हते, नुसते रस्त्यात पाहिले होते. चालण्या-वाकण्यावरून लांबून ओळखू येणारा आजार, म्हणून ते जमले. मध्यमेंदूत काळपट दिसणारी एक पट्टी असते, सबस्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि लांब तंतूंवाटे ते स्ट्रायटम नावाच्या भागात पोचवतात. या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागतो, शर्टाचे बटण लागेनासे होते, सही बारीक होत होत बँकेतून चेक परत येतो, तोवर त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक गेलेल्या असतात.

या आजारावरच्या गोळीची कथा सर्पगंधेपासून सुरू होते, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मांडला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे गेले. तिच्यातले रेसरपिन हे द्रव्य अर्व्हिड कार्लसन यांनी स्वीडनमध्ये सशांना दिले. ससे निपचित पडले. मग त्यांना, डोपामिन ज्यापासून बनते ते, एल-डोपा टोचले, तर ते उठून हिंडू लागले. साल १९५७. डोपामिन मेंदूत काय काम करते याचा पहिला ठोस पुरावा असा मिळाला, आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल. व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी १९६० मध्ये पार्किन्सन्सने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचे दाखवले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झिअस यांनी तोंडावाटे एल-डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि जखडलेली माणसे हिंडू-फिरू लागली. हेच एल-डोपा आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ मध्येच त्यांतून वेगळे काढले होते. (म्हणून कुणी स्वतःच्या मनाने या बियांचे, म्हणजे कवचबीजाचे, चूर्ण सुरू करू नये. चमच्यात किती डोपा आहे ते चूर्ण सांगत नाही.)

गोळीने सुरुवातीची काही वर्षे बरी जातात. मग घरोघरी एक वाक्य ऐकू येऊ लागते, “गोळी उतरली.” पूर्वी सहा तास पुरणारी गोळी तीन तास पुरते. गोळी चढलेली असते तेव्हा अंग नको तसे वळवळते, उतरली की पाय जमिनीला चिकटतात. १९८७ मध्ये ग्रेनोबलच्या बेनाबिद यांनी मेंदूत तार बसवून विजेच्या स्पंदनांनी उपचार सुरू केले, ते आता आपल्याकडेही होतात आणि निवडक रुग्णांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण गेलेली पेशी गोळीने परत येत नाही आणि तारेनेही नाही. मेलेल्या पेशींच्या जागी नव्याच घातल्या तर? हा विचार पार्किन्सन्सच्या बाबतीत आधी सुचला याला कारण आहे. हालचालींचा बिघाड मुख्यतः एकाच जातीच्या पेशी गेल्याने होतो, आणि त्यांचे डोपामिन कुठे पोचायला हवे ती जागा माहीत आहे.

उंदरांवर हे १९७९ मध्ये जमले. माणसांवर पहिला प्रयत्न १९८२ मध्ये स्टॉकहोममध्ये झाला. रुग्णाच्याच मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा गाभा डोपामिनसारखी द्रव्ये बनवतो, तो काढून मेंदूत ठेवला. फायदा किरकोळ आणि तात्पुरता. मग १९८७ मध्ये मेक्सिकोच्या इग्नासिओ माद्राझो यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन तरुण रुग्णांची हकिगत छापली. याच पद्धतीने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दोघेही कमालीचे सुधारले होते. दोन रुग्ण, एक छोटा निबंध, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जगभर शेकडो लोकांची कवटी उघडली गेली. बहुतेकांना टिकाऊ काही मिळाले नाही. काही दगावले. मृत्यूनंतरच्या तपासणीत रोपलेल्या पेशी जवळजवळ शिल्लक नसल्याचे दिसले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही शस्त्रक्रिया गुपचूप बंद पडली. शस्त्रक्रिया करणारे अडाणी किंवा लोभी नव्हते, नावाजलेल्या रुग्णालयांतले सर्जन होते. दोन चांगल्या केसेस पाहून त्यांना राहवले नाही, इतकेच. आज कुणी आपल्याला दोन चांगल्या केसेसचे व्हिडिओ दाखवतो तेव्हा मला माद्राझो आठवतात.

स्वीडनमधल्या लुंडच्या ओले लिंडवाल आणि अँडर्स ब्योर्क्लुंड यांनी वेगळा रस्ता धरला. कायदेशीर गर्भपातातून मिळालेल्या काही आठवड्यांच्या गर्भाच्या मध्यमेंदूतला भाग ते रुग्णाच्या मेंदूत सोडू लागले. त्यांच्या रुग्णांत दोन अमेरिकन होते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक पुतळ्यासारखे ताठ होऊन रुग्णालयात आले होते. चोरून बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचा अशुद्ध अंश होता आणि त्याने त्यांच्या सबस्टॅन्शिया नायग्राच्या पेशी मारल्या होत्या. विल्यम लँगस्टन यांनी ते शोधून काढले. त्या तरुणांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, पण माकडांत पार्किन्सन्स निर्माण करण्याचे साधन विज्ञानाला मिळाले, आणि पुढच्या बऱ्याच पेशीरोपणाची तपासणी त्यावर झाली. त्यांतल्या दोघांना लुंडला रोपण केले. ते लक्षणीय सुधारल्याचा निबंध १९९२ मध्ये आला. लुंडच्या इतर रुग्णांतही काही जण अनेक वर्षे गोळीशिवाय राहिले.

इथून पुढे जे झाले ते या विषयातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण, असे माझे मत आहे. लुंडमध्ये रुग्णालाही माहीत होते आणि डॉक्टरलाही, की पेशी घातल्या आहेत. अमेरिकेत ठरले की हे खरोखर चालते का ते तोलून पाहायचे. कर्ट फ्रीड यांच्या चाचणीत ४० रुग्ण घेतले. सगळ्यांच्या कवटीला भोके पाडली. निम्म्यांच्या मेंदूत गर्भाच्या पेशी सोडल्या, उरलेल्यांच्या मेंदूच्या आवरणालाही हात लावला नाही. कुणाला काय मिळाले ते वर्षभर ना रुग्णाला सांगितले ना तपासणाऱ्याला. २००१ मध्ये निकाल आला. रुग्णांनी स्वतःच्या प्रकृतीला दिलेल्या गुणांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. साठीच्या आतल्यांत तपासणीत काही सुधारणा दिसली, पण पेशी मिळालेल्यांपैकी १५ टक्के लोकांत पुढे गोळी न घेताही अंग वळवळण्याचा त्रास सुरू झाला. २००३ मध्ये वॉरन ओलानो यांच्या ३४ रुग्णांच्या चाचणीतही मुख्य निकाल नकारात्मक आला आणि हा त्रास पेशी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांत दिसला.

डोक्याला भोक पाडून आत काहीच न घालणे क्रूर आहे, अशी टीका तेव्हा झाली आणि आजही होते. ऐकायला ते क्रूर वाटतेच. पण २००१ मध्येच व्हँकूव्हरच्या संशोधकांनी दाखवले की पार्किन्सन्सच्या रुग्णाला औषध म्हणून नुसते मिठाचे पाणी टोचले तरी त्याच्या मेंदूत खरोखर डोपामिन सुटते. ‘आपल्याला औषध मिळाले’ ही अपेक्षाच या आजारात औषधासारखी वागते, कारण अपेक्षेचे रसायन आणि या आजारात आटणारे रसायन एकच आहे. फ्रीड यांच्या रुग्णांपैकी काहींचा पुढे वेगळा अभ्यास झाला. ज्यांना वाटत होते की आपल्याला पेशी मिळाल्या, त्यांचे जगणे सुधारले होते, प्रत्यक्षात मिळालेल्या असोत वा नसोत. हे एकदा कळले की “शेजारच्या काकांना तिथे जाऊन आल्यावर खूप फरक पडला” या वाक्याचे काय करायचे तेही कळते. काका खोटे बोलत नाहीत. पण त्यांचा फरक पेशींनी पडला हे त्यावरून ठरत नाही. भोके पाडणारी ती चाचणी झाली नसती तर गर्भाच्या पेशी घालण्याचे दुकान माद्राझोंच्या शस्त्रक्रियेसारखेच चालले असते.

२००८ मध्ये आणखी एक धक्का बसला. अकरा ते सोळा वर्षांपूर्वी रोपण झालेल्या रुग्णांच्या मेंदूत, रोपलेल्या तरुण पेशींपैकी काहींत पार्किन्सन्सच्या खुणा, म्हणजे लेवी बॉडीज, आढळल्या. आजार जुन्या पेशींतून नव्या पेशींत शिरत होता. फार थोड्या पेशींत, पण शिरत होता. शिवाय गर्भाच्या पेशी पुरवायच्या कुठून? एका रुग्णाला अनेक गर्भ लागत. युरोपने ट्रान्सयुरो नावाचा मोठा प्रकल्प काढला आणि शेवटी रोपण होऊ शकले फक्त ११ जणांचे, कारण ठरलेल्या दिवशी पुरेसे ऊतक हातीच येत नसे.

मूलपेशींची खरी गरज इथे लागते. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या प्रौढ पेशी चार जनुकांच्या मदतीने पुन्हा भ्रूणावस्थेसारख्या करून दाखवल्या. त्यांना २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळाले. पुरवठ्याचा प्रश्न सुटला, पण अशी पेशी मोकळी सोडली तर काहीही बनते, गाठसुद्धा. तिला नेमकी मध्यमेंदूतली डोपामिन पेशी बनवायची कृती न्यूयॉर्कमध्ये लॉरेन्झ श्टूडर यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये दिली. ठरावीक दिवशी ठरावीक रसायन, मात्रा जरा चुकली तरी पेशी मेंदूच्या भलत्याच भागाची होते. मेंदूत सोडतात त्या पेशी कच्च्याही नसतात आणि पूर्ण वाढलेल्याही नसतात. भाताच्या लावणीसाठी रोप जेवढे वाढू देतात तेवढ्याच वाढू द्यायच्या. मूळ धरण्याची ताकद त्याच वयात असते.

आता २०२५ चे आकडे. क्योतोच्या जुन ताकाहाशी यांनी यामानाका-पद्धतीच्या, दुसऱ्या निरोगी माणसाच्या पेशींपासून तयार केलेल्या पेशी सात रुग्णांना दिल्या, मेंदूच्या प्रत्येक बाजूला सुमारे २१ ते ५५ लाख. पहिली शस्त्रक्रिया २०१८ मध्ये झाली होती. शरीराने पेशी झिडकारू नयेत म्हणून १५ महिने टॅक्रोलिमस दिले. परिणामासाठी मोजलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली गोळी उतरलेल्या अवस्थेत सुधारल्या, आणि पेट-स्कॅनमध्ये डोपामिनचे काम सरासरी ४४.७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. अमेरिका-कॅनडाच्या चाचणीत भ्रूणमूलपेशींपासून बनवलेले बेमडेनेप्रोसेल १२ जणांना दिले. त्यांतल्या जास्त मात्रेच्या सात जणांची हालचालींची गुणसंख्या दीड वर्षात सरासरी २३ गुणांनी सुधारली. कमाल १३२ गुणांच्या या मोजपट्टीत हा बदल मोठा आहे. स्वीडनने ‘स्टेम-पीडी’ नावाने स्वतःची चाचणी फेब्रुवारी २०२३ मध्ये लुंडलाच सुरू केली. जुन्या रोपणांत दिसलेली ती वळवळ क्योतो आणि अमेरिका-कॅनडाच्या रुग्णांत दिसली नाही.

मला याचा आनंद आहे, आणि तो लपवायचे कारण नाही. चार दशकांत पहिल्यांदाच हव्या त्या जातीची, हवी तेवढी, तपासून घेतलेली पेशी हातात आली आहे. पण या दोन्ही चाचण्यांत तुलनेसाठी नकली शस्त्रक्रियेचा, म्हणजे नुसती भोके पाडलेल्यांचा, गट नव्हता. आपल्याला पेशी मिळाल्या हे रुग्णांना माहीत होते. २३ गुणांतले पेशींचे किती आणि अपेक्षेचे किती, हे या निबंधांवरून सांगता येत नाही आणि निबंधकारांनीही ते सांगितलेले नाही. म्हणून बेमडेनेप्रोसेलची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुमारे १०० रुग्णांवर आणि नकली शस्त्रक्रियेशी तुलना करून आखली आहे. क्योतोच्या पेशी बाजारात आणू पाहणाऱ्या जपानी कंपनीने मात्र त्या सात रुग्णांच्या आधारावर ऑगस्ट २०२५ मध्ये विक्रीच्या परवानगीसाठी अर्ज केला. तिकडच्या कायद्यात थोड्या पुराव्यावर सशर्त, मुदतीची परवानगी देण्याची सोय आहे. ती सोय मला पटत नाही. एकदा औषध बाजारात आले की नकली शस्त्रक्रियेच्या गटात जायला कोण तयार होणार?

आणखी एक गोष्ट रुग्णांना सहसा सांगितली जात नाही. हे रोपण यशस्वी झाले तरी ते डोपामिनपुरते आहे. बद्धकोष्ठता, गेलेला वास, झोपेत हातपाय झाडणे, खालावलेला आवाज, तोल, पुढे येणारा विसर, यांतल्या बहुतेकांचा संबंध इतर पेशींशी आणि मेंदूच्या इतर भागांशी आहे. मूळ आजार चालूच राहतो. घरच्यांना सर्वांत जास्त थकवणाऱ्या गोष्टी बहुधा याच यादीतल्या असतात.

आता आपल्याकडचे. हा आजार भारतात कमी, असा समज होता. पण मुंबईच्या पारशी समाजात डॉ. भरूचा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे ३२८ रुग्ण सापडले. पारशी समाजात वृद्ध अधिक, हे त्याचे मोठे कारण. म्हणजे आपण सगळे जसजसे जास्त जगू तसतसे तिकडेच जाणार आहोत. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तिथली माणसे सहली काढतात, व्याख्याने ठेवतात. पुण्यातच हृषीकेश पवार यांनी शुभार्थींना नृत्य शिकवले आहे. व्यायाम, नाच, वेळेवर गोळी आणि बोलायला माणूस, यांचा उपयोग आज हातात आहे, पण त्याची जाहिरात करायला कुणाला पैसे मिळत नाहीत.

जाहिरात होते ती दुसऱ्याच गोष्टीची. कमरेच्या हाडातून मज्जा किंवा पोटावरची चरबी काढायची, त्यातल्या ‘मेसेन्कायमल’ पेशी वेगळ्या करायच्या आणि शिरेतून किंवा पाठीच्या मणक्यातून परत सोडायच्या. या पेशी शरीरात हाड, कूर्चा, चरबी बनवतात. डोपामिन बनवणारी चेतापेशी त्यांच्यापासून मेंदूत तयार होत नाही, आणि शिरेतून सोडलेल्या बहुतेक पेशी फुफ्फुसातच अडकतात. बंगळुरूच्या डॉक्टरांनी अशा पेशी थेट मेंदूत सोडून सात रुग्णांचा प्राथमिक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात पेशी दिल्याचे सगळ्यांना माहीत होते, तुलना नव्हती, आणि त्यातून कुठलाही मान्य उपचार निघालेला नाही. धोका नाही असेही नाही. मॉस्कोत गर्भाच्या चेतापेशी टोचून घेतलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मणक्यात काही वर्षांनी त्याच दिलेल्या पेशींच्या गाठी सापडल्या. हा निबंध २००९ चा आहे. त्या मुलाला पार्किन्सन्स नव्हता, पण टोचलेल्या पेशीला रुग्णाचे निदान ठाऊक नसते.

आपले नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मूलपेशी-प्रत्यारोपण सोडता बाकी सगळा मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन ‘नवे औषध’ धरले आहे. नियम आहेत तरी दवाखाने चालतात, आणि ते चालतात याचा दोष मी रुग्णांना देणार नाही. वाट पाहायला ज्याच्याकडे दहा वर्षे नाहीत, त्याला ‘वाट पाहा’ सांगणे सोपे नसते.

लेखिकेने हे ओळखून लिहिले आहे. पेशीशास्त्राची प्रकरणे जड वाटली तर आधी चाचण्यांची वाचा आणि मग मागे या. शेवटच्या प्रकरणातले प्रश्न कागदावर उतरवून डॉक्टरकडे न्या. कुणी मूलपेशींचा उपचार सुचवला तर चाचणीचा ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मधला नोंदणी क्रमांक मागा, कुठल्या जातीच्या पेशी आणि शरीरात कुठे सोडणार ते विचारा, आणि तोवर चालू गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. प्रायोगिक पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेणे आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. जिथे आधी पैसे मागितले जातात, तिथून उठून घरी या.